सामुद्रधुनी वाचावी कशी: कोकण किनाऱ्यावरून सुरुवात

शाळेच्या नकाशासंग्रहात सामुद्रधुनी म्हणजे दोन भूभागांच्या मधली निळी चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर तिरके छापलेले एक नाव, एवढेच दिसते. जिब्राल्टर कोणाला कोणापासून वेगळे करते आणि बेरिंग कोणत्या दोन खंडांच्या मध्ये आहे, हे पाठ केले की परीक्षेतला गुण मिळतो. मात्र त्या पट्टीतून भरलेले तेलवाहू जहाज जाईल की अडकेल, तिथले पाणी सतत एकाच दिशेने का वाहत राहते, आणि काठावरच्या देशाला ती वाट अडवण्याचा हक्क आहे की नाही, यांपैकी कशाचेही उत्तर त्या नावात नसते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकाला ही उत्तरे शोधणे तुलनेने सोपे जावे, कारण भरती-ओहोटी, खडकांमधून काढलेली वाट, वावांत मोजलेली खोली आणि वाऱ्याचा रोख या गोष्टी त्याच्या आसपासच्या बोलण्यात आधीपासूनच आहेत. कोणतीही सामुद्रधुनी अभ्यासाला घेतल्यावर तिच्याविषयी काय विचारावे, कोणत्या क्रमाने विचारावे आणि मिळालेले उत्तर कशाने पडताळून पाहावे, याची एक पद्धत पुढे दिली आहे.

साहित्य फारसे लागत नाही. समुद्राची खोली रंगछटांनी दाखवणारा एक चांगला नकाशासंग्रह, कंपासपेटीतला डिव्हायडर, तिथी दाखवणारी भिंतीवरची दिनदर्शिका आणि जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक एवढे जमवावे. भारतीय बंदरांची अशी वेळापत्रके सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी प्रसिद्ध करते. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाने तयार केलेला एखादा सागरी नकाशा बंदरावरच्या ओळखीच्या माणसाकडे निदान एकदा पाहायला मिळाला, तर फार उपयोग होतो. त्या नकाशात पाण्यावर सर्वत्र विखुरलेले आकडे म्हणजे खोली असते, आणि ती मोठ्या ओहोटीच्या वेळी पाणी जिथवर उतरते त्या पातळीपासून मोजलेली असते. म्हणून प्रत्यक्षात पाणी बहुतेक वेळा छापलेल्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच मिळते. तांडेल मंडळी अजूनही खोली वावांत सांगतात. एक वाव साधारण १.८ मीटर धरावा.

किनाऱ्यावरचा सराव

दूरच्या सामुद्रधुनीकडे वळण्याआधी घराजवळच्या पाण्यावर हात बसवून घ्यावा. येथे एक भेद आरंभीच लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग या खाड्या आहेत. त्यांना समुद्राकडे एकच तोंड असते आणि दुसरे टोक नदीत विरून जाते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जाणारा प्रवासी खाडी ओलांडतो, सामुद्रधुनी नव्हे. सामुद्रधुनीला दोन तोंडे असतात आणि दोन्हीकडे मोठे पाणी असते. त्या अर्थाने मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला, हर्णै आणि सुवर्णदुर्ग, थळ आणि खांदेरी-उंदेरी, अलिबाग आणि कुलाबा, राजापुरी आणि जंजिरा यांच्या मधले पाणी ही आकाराने अगदी लहान, पण रचनेने खऱ्या सामुद्रधुनीसारखी उदाहरणे आहेत.

यांपैकी कुलाबा आणि जंजिरा ही जोडी अभ्यासासाठी सर्वांत उपयुक्त आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते आणि भरती आली की होडी लागते. म्हणजे मधली पट्टी दिवसातून दोनदा पाणी असते आणि दोनदा जमीन. जंजिऱ्याच्या भोवतालचे पाणी मात्र मोठ्या ओहोटीतही हटत नाही, आणि त्या किल्ल्याचा बराचसा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगडांची भर घालून सेतू बांधायला घेतला होता. मोगली फौजा उत्तर कोकणात उतरल्यामुळे ते काम अर्धवट राहिले. किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर दोन्ही ठिकाणी पाणी सारखेच निळे आणि अंतर जवळपास सारखेच किरकोळ वाटते. फरक तळाशी आहे. पुढे पाल्कची आणि लोंबोकची सामुद्रधुनी शेजारी ठेवून पाहताना याच फरकाची गरज पडणार आहे.

भरतीचा वेग समजण्यासाठी दर्यावर्दींचा बारा भागांचा ढोबळ नियम वापरावा. ओहोटी संपल्यापासून पूर्ण भरती होईपर्यंत साधारण सहा तास जातात, आणि त्या अवधीत जेवढे पाणी चढायचे असते त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असे ते चढते. समजा, सकाळी १० वाजता ओहोटी पूर्ण झाली आणि दुपारी ४ पर्यंत पाणी २.४ मीटर चढणार आहे. पहिल्या तासात ते केवळ २० सेंटिमीटर वाढेल, पण १२ ते २ या दोन तासांत १.२ मीटर, म्हणजे एकूण चढाच्या निम्मे, वाढेल. पहिल्या तासातला संथपणा पाहून किल्ल्यात रमलेले पर्यटक परतताना कमरेएवढ्या पाण्यात सापडतात ते याच कारणाने. कुलाब्याला चालत जायचे असल्यास ओहोटी पूर्ण होण्याच्या आधी निघावे, पाणी फिरताच परतावे, आणि भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही पाणी पुरेसे उतरत नाही हे ध्यानात ठेवून किनाऱ्यावरच्या माणसांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

वेळापत्रक हाताशी नसेल तर तिथीचा जुना हिशेब चालतो: तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला पाणी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरते आणि त्याच दिवसांत उधाण असते. हा हिशेब मुंबई आणि उत्तर कोकणाला जास्त जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि पाण्याची चढ-उतारही कमी होत जाते.

आणखी एक निरीक्षण मालवणच्या किंवा हर्णैच्या धक्क्यावरून करावे. वारा पडलेला असताना एकाच नांगरावर उभ्या असलेल्या होड्यांच्या नाळी, म्हणजे पुढची टोके, कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे. होडी आपली नाळ येणाऱ्या प्रवाहाकडे धरते, त्यामुळे पाण्याकडे न पाहताही प्रवाह कुठून येतो ते कळते. दर अर्ध्या तासाने ही दिशा नोंदवली आणि शेजारी भरती-ओहोटीची वेळ लिहिली, तर प्रवाह कधी उलटतो याचा एक छोटा तक्ता तयार होतो.

रुंदी मोजणे

नकाशासंग्रहातील मोजपट्टीवर विसंबण्यापेक्षा अक्षांशांनी मोजणे अधिक खात्रीचे आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले की प्रत्येक भाग म्हणजे एक मिनिट, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. डिव्हायडरची दोन टोके सामुद्रधुनीच्या दोन काठांवर ठेवावीत, तो न हलवता नकाशाच्या डाव्या किंवा उजव्या कडेला न्यावा आणि त्याच उंचीवर, म्हणजे त्याच अक्षांशाजवळ, किती मिनिटे भरतात ते वाचावे. वरच्या किंवा खालच्या कडेवर मोजू नये. तिथे रेखांश असतात आणि विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे त्यांमधले खरे अंतर कमी होत जाते. सागरी नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात उत्तरेकडचे भाग ताणलेले दिसतात. बेरिंगच्या सामुद्रधुनीची रुंदी मोजताना मालवणच्या अक्षांशावरची मिनिटे वापरली, तर उत्तर दुपटीहून अधिक येईल.

या मापनातून हाती येणारे आकडे एकदा वहीत उतरवून घ्यावेत. डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर, जिब्राल्टर सुमारे १४, बेरिंग सुमारे ८५ आणि होर्मुझ ४० किलोमीटरहून किंचित कमी. इस्तंबूल शहराच्या मधून जाणारी बॉस्पोरस सर्वांत चिंचोळ्या भागात केवळ ७०० मीटर आहे, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक खाड्यांच्या मुखापेक्षाही अरुंद. रुंदीला लोक फार महत्त्व देतात, कारण ती नकाशात दिसते. या लेखकाच्या मते ती सामुद्रधुनीविषयी सर्वांत कमी सांगणारी गोष्ट आहे, कायद्याचा प्रश्न वगळता.

मध्ये बेट असेल तर मात्र रुंदीचे दोन तुकडे करून मोजावेत. एडनचे आखात आणि तांबडा समुद्र यांना जोडणाऱ्या बाब-अल-मंदेबच्या मध्ये पेरिम बेट आहे; त्याच्या पूर्वेची वाट सुमारे ३ किलोमीटर रुंद आणि उथळ, तर पश्चिमेची सुमारे २५ किलोमीटर रुंद आणि ३०० मीटरांपर्यंत खोल आहे. बेरिंगच्या मध्यावर डायोमीड नावाची दोन बेटे आहेत. मोठे रशियाचे, धाकटे अमेरिकेचे, दोन्हींमध्ये चार किलोमीटरांहूनही कमी पाणी, आणि त्या पाण्यातून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. त्यामुळे एका बेटावर सोमवार असताना समोर दिसणाऱ्या दुसऱ्या बेटावर रविवार असू शकतो.

खोली, आणि तिच्यातून निघणारे सर्व काही

सामुद्रधुनीतला सर्वांत उथळ भाग घराच्या उंबरठ्यासारखा असतो: आत आणि बाहेर कितीही खोल पाणी असले तरी काय ओलांडू शकेल ते उंबरठ्याची उंची ठरवते. म्हणून खोली शोधताना सामुद्रधुनीतला सर्वांत मोठा आकडा नव्हे, तर एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत जाणाऱ्या सर्वांत खोल वाटेवरचा सर्वांत लहान आकडा शोधावा. भूमध्य समुद्र काही ठिकाणी ४,००० मीटरांहून अधिक खोल आहे, पण जिब्राल्टरजवळचा उंबरठा ३०० मीटरांच्या आतच आहे.

हा आकडा मिळाल्यावर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला जहाजांचा. भरलेल्या जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो त्यात तळाखाली सोडायचे मोकळे पाणी मिळवावे आणि बेरीज उंबरठ्याच्या खोलीशी ताडून पाहावी. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुन्यांत मोठ्या जहाजांनी तळाखाली किमान ३.५ मीटर पाणी राखावे असा नियम आहे, आणि २०.५ मीटरच्या आसपास बुडणारे जहाज ही तिथली व्यवहारातली कमाल मर्यादा समजली जाते. दोन्हींची बेरीज २४ मीटर होते, म्हणजे जेमतेम तेरा वाव. याहून खोल बुडणाऱ्या जहाजांना बाली आणि लोंबोक यांच्या मधल्या खोल पाण्यातून वळसा घ्यावा लागतो. जावा-सुमात्रामधली सुंदा ही सामुद्रधुनी नकाशात जवळची वाटते, पण तिचे पूर्वेकडचे टोक इतके उथळ आहे की ती अशा जहाजांच्या कामाची नाही.

याच कसोटीवर पाल्कची सामुद्रधुनी पाहावी. तमिळनाडू आणि श्रीलंकेचे जाफना यांच्या मधली ही वाट रुंदीने होर्मुझपेक्षा मोठी आहे, आणि तरीही मुंबईहून चेन्नईला निघालेले मालवाहू जहाज तिच्यातून न जाता श्रीलंकेला पूर्ण वळसा घालते. धनुष्कोडी आणि तलैमन्नार यांच्या मधली रामसेतूची रांग आणि दहा मीटरांच्या आसपासचे पाणी एवढे कारण त्याला पुरेसे आहे. तळ खणून वाट काढण्यासाठी २००५ मध्ये सेतुसमुद्रम प्रकल्पाचे काम सुरू झाले होते. ते पूर्णत्वाला गेले नाही.

दुसरा प्रश्न काळाचा आहे, आणि तो अधिक रंजक आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इतके पाणी बर्फ होऊन जमिनीवर साठले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. नकाशावर १२० मीटर खोलीची रेषा पेन्सिलीने गडद करावी आणि तिच्या आतला भाग जमीन समजावा. बेरिंग, जिची खोली ५० मीटरांच्या आसपास आहे, कोरडी पडते आणि आशिया उत्तर अमेरिकेला जोडला जातो. डोव्हर मिटते आणि ब्रिटन युरोपचा भाग होतो. पाल्क मिटते, मलाक्का मिटते, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधली टोरेस व टास्मानियाकडची बास याही मिटतात. कुलाब्याला जे रोज सहा तासांत घडते तेच येथे हजारो वर्षांत घडले आहे. जिब्राल्टर आणि लोंबोक मात्र जंजिऱ्याच्या पाण्यासारख्या उघड्याच राहतात.

या कसोटीचा पुरावा प्राण्यांमध्ये सापडतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५६ मध्ये बालीहून लोंबोकला गेला. मध्ये अवघे ३५ किलोमीटर पाणी, पण बालीवर आशियाई वळणाचे पक्षी आणि लोंबोकवर ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे, हे पाहून त्याने दोन प्राणिसृष्टींच्या मधली सीमा तिथून नेली आणि ती पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. उलट श्रीलंका आणि दक्षिण भारत यांच्यामध्येही पाणी असूनही दोन्हीकडे हत्ती, बिबट्या, अस्वल आहेत, कारण तो उंबरठा एके काळी चालून ओलांडण्याजोगा होता. खोलीची ही एक रेषा ओढल्याशिवाय कोणत्याही बेटाच्या प्राणिजीवनाविषयी बोलू नये, असे सुचवावेसे वाटते.

पाणी कोणत्या कारणाने वाहते ते ओळखणे

सामुद्रधुनीतल्या प्रवाहाची कारणे मुख्यतः तीन: भरती, वारा, आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या खारेपणातला फरक. कोणते कारण लागू आहे ते ओळखण्यासाठी प्रवाह किती वेळाने उलटतो ते पाहावे. दर सहा तासांनी उलटत असेल तर भरती, ऋतूप्रमाणे उलटत असेल तर वारा, आणि वर्षभर पृष्ठभागावर एकाच दिशेने चालत असेल तर खारेपणाकडे संशयाची सुई वळवावी.

भरतीच्या प्रवाहाबाबत खाडीवर वाढलेल्या माणसाची एक फसगत होऊ शकते. खाडीत पाणी चढू लागले की प्रवाह आत, उतरू लागले की बाहेर, असा सरळ मामला असतो. सामुद्रधुनीत तसा नसतो, कारण प्रवाह ठरतो तो दोन तोंडांच्या पातळीतल्या फरकावरून. एका टोकाला पूर्ण भरती असूनही दुसऱ्या टोकाला तितकेच पाणी असेल तर मध्ये पाणी जवळपास स्थिर राहील. आणि एकीकडे भरती असताना दुसरीकडे ओहोटी असेल तर अरुंद जागेतून पाणी धबधब्याच्या आवेशात धावेल. नॉर्वेतील साल्टस्ट्राउमेन ही सुमारे १५० मीटर रुंदीची वाट आणि जपानमधील भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली नारुतो ही याची ठळक उदाहरणे आहेत. ग्रीसमध्ये एव्हिया बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधली एव्रिपोस सर्वांत चिंचोळ्या जागी केवळ ४० मीटर आहे. तिथला प्रवाह दिवसातून साधारण चार वेळा उलटतो आणि चांद्रमासातल्या काही दिवशी मनमानी करतो. म्हणून दोन्ही तोंडांजवळच्या बंदरांची वेळापत्रके शेजारी ठेवून एकाच वेळेची पातळी वाचावी. एका बाजूची वाचून निष्कर्ष काढू नये.

वाऱ्याचे उदाहरण बाब-अल-मंदेबचे. हिवाळ्यात तिथे पृष्ठभागावरचे पाणी एडनच्या आखातातून तांबड्या समुद्रात जाते, आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहत असताना, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात त्या महिन्यांत, तिथला वरचा थर उलट बाहेर येऊ लागतो.

खारेपणाचे कारण समजण्यासाठी एक प्रयोग घरीच करावा. आयताकृती पारदर्शक डबा किंवा माशांची छोटी काचपेटी घ्यावी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा मध्ये उभा घट्ट बसवून तिचे दोन भाग करावेत. एका भागात साधे पाणी भरावे. दुसऱ्या भागात लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवलेले पाणी भरावे आणि त्यात शाईचे किंवा खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत. समुद्राच्या पाण्यात सरासरी एवढेच क्षार असतात. दोन्हीकडची पातळी सारखी करून पाणी पूर्ण शांत होऊ द्यावे, आणि मग पुठ्ठा हळूच, सरळ वर ओढून घ्यावा. रंगीत खारे पाणी तळाने साध्या पाण्याच्या बाजूला सरकते आणि साधे पाणी त्याच्या अंगावरून उलट दिशेने येते. पुठ्ठ्याच्या कडांमधून पाणी झिरपत असेल तर थोडे मेण लावावे, अन्यथा रंग आधीच मिसळून काहीच नीट दिसत नाही. दुसऱ्या वेळी पुठ्ठा पूर्ण न काढता केवळ दोन-तीन बोटे वर उचलून पाहावा.

हा प्रयोग नवा नाही. लुईजी फर्डिनांडो मार्सिली या इटालियन अभ्यासकाने बॉस्पोरसचा अभ्यास करताना मध्ये पडदा असलेली अशीच एक पेटी वापरली आणि १६८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याला मूळ सुगावा तिथल्या मच्छीमारांकडून मिळाला होता: वरचे पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे जात असताना खोल सोडलेली जाळी उलट दिशेला ओढली जातात, हे त्यांना ठाऊक होते. त्याने दोरीला पांढरे रंगवलेले बुचाचे तुकडे बांधून ते खाली सोडले आणि ते कोणीकडे वळतात ते पाहून या माहितीची खात्री करून घेतली. काळ्या समुद्रात मोठ्या नद्यांचे गोडे पाणी येते म्हणून त्याचे पाणी हलके आणि वरून बाहेर वाहणारे. भूमध्याकडचे पाणी खारे, जड, तळाने आत शिरणारे. जिब्राल्टरला हीच रचना उलटी आहे. भूमध्य समुद्रातून बाष्पीभवनाने जेवढे पाणी जाते तेवढे पाऊस आणि नद्या मिळूनही परत येत नाही. म्हणून अटलांटिकचे पाणी वरून सतत आत येते आणि अधिक खारे झालेले पाणी तळाने बाहेर पडते. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला जोड भूगर्भीय हालचालींनी बंद झाला तेव्हा भूमध्य समुद्र मोठ्या प्रमाणात आटला आणि त्याच्या तळाशी मिठाचे जाड थर साचले.

पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या मुखाशी असेच दोन थर असतात. वर नदीचे गढूळ गोडे पाणी, खाली समुद्राचे खारे. दोन झाकणबंद बाटल्यांना वजन आणि दोरी लावून वरचे व खालचे पाणी वेगवेगळे काढता आले, तर चवीनेही फरक कळतो, मात्र हे काम पावसाळा ओसरल्यावर, सुरक्षित धक्क्यावरूनच करावे.

वाट कोणाची

आता रुंदीच्या आकड्याकडे परत यावे. १९८२ मध्ये मंजूर झालेल्या आणि १९९४ मध्ये अमलात आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या करारानुसार प्रत्येक देशाचा प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत असू शकतो. दोन काठांवर दोन देश असतील तर १२ आणि १२ मिळून २४. मोजलेली रुंदी २४ सागरी मैलांहून कमी भरली, तर मध्ये कोणाचाही नसलेला पाण्याचा पट्टा उरत नाही. होर्मुझ सुमारे २१ सागरी मैल आहे. तिथे एकीकडे इराण, दुसरीकडे ओमान, आणि मधले सारे पाणी या दोघांचे.

अशा ठिकाणी जहाजांना अडवता येते का, या प्रश्नासाठी करारात पारगमनाचा हक्क नावाची वेगळी तरतूद आहे. किनाऱ्याजवळच्या सामान्य प्रादेशिक समुद्रातून जाण्याची मुभा सुरक्षेच्या कारणाने किनाऱ्यावरचा देश तात्पुरती स्थगित करू शकतो. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतले पारगमन त्याला स्थगित करता येत नाही, आणि तो हक्क विमानांनाही आहे. इराणने करारावर सही केली पण त्याला अनुसमर्थन दिले नाही, आणि पारगमनाचा हक्क करारात सामील झालेल्यांपुरताच आहे अशी भूमिका सही करतानाच नोंदवली. २०२४ मध्ये जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा याच वाटेने गेला, हे लक्षात घेतले की या कायदेशीर बारकाव्यावर एवढी शाई का खर्च होते ते कळते.

काही सामुद्रधुन्यांना स्वतःचे जुने करार आहेत, म्हणून सर्वसाधारण नियम लावण्याआधी ते तपासावेत. बॉस्पोरस आणि डार्डनेल्स यांवर १९३६ चा माँत्रो करार लागू आहे. व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात मोकळी वाट, पण काळ्या समुद्राच्या काठावर नसलेल्या देशांच्या युद्धनौकांना आकाराची आणि २१ दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा. डेन्मार्क आपल्या दारातून जाणाऱ्या जहाजांकडून चार शतकांहून अधिक काळ जकात घेत असे. १८५७ मध्ये इतर देशांनी एकरकमी भरपाई देऊन ती बंद करवली. आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय, म्हणजे परवान्याशिवाय, कोकणच्या पाण्यात वावरणारे गलबत धोक्यात असे, हे ठाऊक असलेल्या वाचकाला या जकातीचे आश्चर्य वाटू नये. जपानने तर आपल्या पाच सामुद्रधुन्यांत १२ ऐवजी केवळ ३ सागरी मैलांवर हक्क सांगून मध्ये मुद्दाम खुला समुद्र ठेवला आहे.

जहाजे पाहणे

आंतरराष्ट्रीय प्रवासावर असलेल्या ३०० टनांहून मोठ्या जहाजांना आपली ओळख, स्थान आणि वेग सतत प्रक्षेपित करणारे उपकरण बाळगावे लागते, आणि त्याच्या आधारे जहाजे दाखवणारे नकाशे मोबाइलवर पाहता येतात. रत्नागिरी-रायगडातल्या अनेक घरांत, मुलगा किंवा दीर बोटीवर असल्यामुळे, हे ॲप आधीपासून असते. सामुद्रधुनी उघडून पाहिल्यास जहाजांच्या दोन समांतर रांगा दिसतात. रस्त्यावर आपण डावीकडून चालतो, समुद्रात वाहतूक उजवीकडून चालते. अशी वेगळी मार्गिका १९६७ मध्ये प्रथम डोव्हरला आखली गेली. रांगा आडव्या कापणाऱ्या फेरीबोटी शक्य तितक्या काटकोनात जातात, आणि तसा नियमच आहे. उपकरण बंद केलेले जहाज नकाशावर दिसत नाही, हे मात्र विसरू नये. २०२३ च्या अखेरीपासून बाब-अल-मंदेबजवळ जहाजांवर हल्ले होऊ लागल्यावर काहींनी ते बंद ठेवले आणि पुष्कळांनी आफ्रिकेला वळसा घालून जाणे पत्करले.

एक पूर्ण उदाहरण

शेवटी हाच क्रम भारताच्या एका वाटेला लावून पाहावा. मिनिकॉय आणि लक्षद्वीपची उरलेली बेटे यांच्या मधल्या पाण्याला नऊ अंशांची वाट म्हणतात, मिनिकॉयच्या दक्षिणेला मालदीवपर्यंतची आठ अंशांची, आणि अंदमान-निकोबारमधली दहा अंशांची. नावातच अक्षांश असल्याने ती नकाशात शोधायला क्षणही लागत नाही. नऊ अंशांच्या वाटेची रुंदी डिव्हायडरने मोजल्यास सुमारे २०० किलोमीटर भरते. २४ सागरी मैलांपेक्षा ती कितीतरी अधिक आहे, म्हणून मध्यभागी खुली वाट आहे आणि पारगमनाच्या विशेष हक्काचा प्रश्न उद्भवत नाही. १२० मीटरची रेषा काढली तरी बेटे एकमेकांना जोडली जात नाहीत, कारण त्यांच्या मधले पाणी त्याहून खूप खोल आहे. उंबरठाच नसल्याने कितीही खोल बुडणारे जहाज निर्धास्त जाते. प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा बदलतो, म्हणजे कारण वाऱ्याचे. आणि मोबाइलवर ही जागा उघडली तर होर्मुझ व बाब-अल-मंदेबकडून मलाक्काकडे जाणाऱ्या, आणि तिथून परतणाऱ्या जहाजांच्या रांगा येथून जाताना दिसतात. १८८५ मध्ये उभारलेले मिनिकॉयचे दीपगृह याच वाहतुकीसाठी आहे. हीच वही पुढे होर्मुझसाठी उघडायची असेल तर एक ऐतिहासिक टाचण सोबत ठेवावे: अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून विकायला घोडा घेऊन निघाला आणि चौलच्या बंदरात उतरला, आणि काही वर्षांनी दाभोळहून परत गेला. दोन्ही टोके नकाशावर टाकून त्याची वाट आखावी, आणि त्याने कोणत्या महिन्यात निघायला हवे होते ते वाऱ्यांच्या नकाशावरून ठरवावे.